आवाज येतो, कागद येत नाही

गाडी नवीकोरी. बॉनेटवरचा हार अजून पुरता वाळलेला नाही. एमएच २३, पसंतीचा नंबर, मागच्या काचेवर आजोबांचं नाव. ताशी सत्तर ओलांडली की मागून ‘घूंऽऽ’ सुरू.

मालक काय करतो? गाण्यांचा आवाज वाढवतो.

चाळीस लाखांच्या एसयूव्हीचं मागचं डिफरन्शियल पहिल्या काही हजार किलोमीटरांतच ओरडायला लागलं, तर तो मालकाच्या नशिबाचा भाग नाही. दोष जुळणीचा असतो, ऑइलचा असतो, बेअरिंगचा असतो, नाहीतर वापराचा असतो. नेमका कोणता, ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि वॉरंटीतली गाडी उघडायला सहजासहजी कुणी तयार होत नाही.

‘साहेब, या मॉडेलला एवढा आवाज असतोच,’ असं काउंटरवरचा पोरगा सांगतो. असतोच, तर विकताना का नाही सांगितलं?

आता कुणी म्हणेल, बीड जिल्ह्यातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, आणि तुम्ही बड्यांच्या गाड्यांचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही आहे.

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ मध्ये. बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. एवढी वर्षं जिल्ह्याचं ठिकाण रुळाविना राहिलं. जे काही हललं ते रस्त्यावरून हललं. रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात किंवा थेट संभाजीनगरला न्यायला गावातली जी मोठी गाडी दारात उभी दिसेल तीच काढतात. मागच्या सीटवर आडव्या झालेल्या माणसाला गाडीची किंमत कळत नाही.

चाकं फिरत राहावीत, एवढंच त्याचं मागणं असतं.

शिवाय गाडी काही जन्मभर एका दारात राहत नाही. आज पुढाऱ्याकडे, उद्या कार्यकर्त्याकडे, परवा भाड्याने गाडी लावणाऱ्याकडे. शेवटी ती कर्ज काढून जुनी गाडी घेणाऱ्या पोराकडे येते. घरात तेवढीच कमाई. पहिल्या मालकाने गाण्याखाली झाकलेला आवाज चौथ्या मालकाच्या खिशातून वसूल होतो.

म्हणून हा विषय बड्यांचा नाही.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावण्यात वेळ घालवायची गरज नाही. खळ्यावर मळणी बघितलेला माणूस ते जाणतो. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, कडेचा बैल मोठा फेरा मारतो. पात एकच, चाल वेगळी. वळणावर गाडीच्या दोन मागच्या चाकांचं हेच होतं. आतलं कमी फिरतं, बाहेरचं जास्त. एका इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना देऊन त्यांना आपापल्या गतीने फिरू देणारी गिअरांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेक्योर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तिचा आजच्या गाड्यांत दिसणारा घाट बसवला. एक चाक चिखलात गरगरायला लागलं की ट्रॅक्टरवाला पायाखालचा डिफरन्शियल लॉक दाबतो, तो याच पेटीचा.

पेटीत मुख्य गिअर दोन. इंजिनाकडची ताकद आणणारा छोटा पिनियन आणि ती चाकांकडे वळवणारा मोठा क्राऊन. गॅरेजात ही दोन नावं एका दमात घेतात, क्राऊन-पिनियन. तेच बरोबर आहे. कारण या दोघांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. म्हणून त्यांना इंजिनाचं ऑइल चालत नाही, खास जड दाब सोसणारं लागतं. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते. बदलायची तर दोन्ही मिळून.

‘एकट्या पिनियनवर भागवतो’ असं कुणी म्हणालं, तर चावी परत मागा.

दोघांच्या दातांत फट ठेवायची ती साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरची. ती जमवायला पातळ चकत्या घालतात. त्यांना शिम म्हणतात. पिनियनच्या बेअरिंगवर ताण द्यायचा, तोही मोजून. ताण कमी पडला की पिनियन डुलतो. जास्त झाला की बेअरिंग भाजतं. चकती चुकली की दात नको तिथे टेकतात. यातलं काहीही शोरूमच्या काचेमागे दिसत नाही, चावी देताना काढलेल्या फोटोतही येत नाही.

ते येतं रस्त्यावर. आधी घूं, मग घर्र, मग ठकठक. त्यापुढचा टप्पा सांगायला मालक कधी कधी उरत नाही.

अतिशयोक्ती वाटते? पिनियनचं बेअरिंग जळून पेटी जाम झाली, तर मागची चाकं जागेवर अडकू शकतात. ब्रेकवर पाय नाही, तरी अडकतात. हे धारूरच्या घाटात उतारावर झालं तर काय होईल, हे त्या घाटातून एकदा तरी गेलेल्याला सांगायला नको. म्हणून ‘नुसता आवाज आहे’ हे वाक्य मला सहन होत नाही. तापसुद्धा नुसताच येतो. तो कशाने आला, हे बघायचं असतं.

आता आवाज डिफरन्शियलचाच कशावरून? हा प्रश्न सर्व्हिस सेंटरने विचारायचा आणि त्यांनीच सोडवायचा. पण ते सोडवत नाहीत, तेव्हा आपण सोडवावा. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलात आणि आवाजाची जात बदलली, तर संशय टायरवर. गाडी डावीकडे-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त झाला, तर चाकाच्या बेअरिंगवर. रस्ता तोच, वेग तोच, आणि अॅक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा सूर किंवा एकदम गप्प, तर बोट मागच्या पेटीकडेच जातं. मांजरसुंब्याचा घाट एकदा चढा, एकदा उतरा. इंजिन गाडीला ढकलतंय तेव्हा आणि गाडी इंजिनाला ढकलतेय तेव्हा, दोन्ही वेळा कान मागे ठेवा.

एवढी परीक्षा घ्यायला यंत्र लागत नाही. गाणी मात्र बंद करावी लागतात.

दुसरी परीक्षा याहून बोलकी आहे. गाडी वर घ्या, पेटीचा खालचा बोल्ट खोला. बऱ्याच गाड्यांत त्या बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. ऑइल धारेने खाली येतं, शेवटी बोल्ट मिस्त्रीच्या तळहातावर येतो. चुंबकावर करडा लगदा दिसतो. जाणता मिस्त्री आधी तो पुसत नाही. अंगठा आणि बोटात धरून चोळतो. काजळासारखा गुळगुळीत लागला तर नव्या गिअरांची झीज, चालायचंच. बोटाला टोचलं, उजेडात धरल्यावर चकाकणारी कपची दिसली, तर आत दात तरी तुटतोय, नाहीतर बेअरिंग सोलवटतंय. ऑइल कॉफीसारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय.

पाच मिनिटांचं काम. पण ते मालकाच्या डोळ्यांदेखत करायचं म्हटलं की ‘वर्कशॉपमध्ये ग्राहकांना प्रवेश नाही’ ही पाटी दाखवतात.

प्रवेश नाही, तर फोटो द्या. तोही नाही? मग लपवताय काय?

सगळं खापर कंपनीवर फोडायचंही कारण नाही. आपल्याकडच्या सवयीही पेट्या खातात. चाळीस लाखांच्या गाडीला जाडजूड, मापाबाहेरचे टायर चढवायचे. एक टायर फाटला की एकटाच नवा बसवायचा आणि त्याच्या जोडीला अर्धा झिजलेला ठेवायचा. मग दोन चाकांचा घेर वेगळा, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलमधले छोटे गिअर वळणावर असल्यासारखे अखंड राबतात. जे काम त्यांनी अधूनमधून करायचं, ते बीड ते पुणे सलग करतात.

फोर-बाय-फोरचं त्याहून वाईट. बऱ्याच मोठ्या गाड्यांत हे बटण चिखल, वाळू, ओढ्यासाठी असतं. पुढची आणि मागची चाकं ते एकमेकांना घट्ट बांधतं. कोरड्या डांबरावर वळण घेताना पुढची चाकं वेगळं अंतर तोडतात, मागची वेगळं. चिखलात चाक घसरून ताण सोडतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण जातो कुठे? शाफ्टात, जॉइंटात आणि दोन्ही पेट्यांत. आणि आपल्याकडे फोर-बाय-फोर लागतं कुठे? वरातीत. सभेच्या मैदानाबाहेर. रील काढायला.

चिखलात मात्र ट्रॅक्टर बोलावतात.

पाण्याचं तिसरं. २०२५ च्या सप्टेंबरात आष्टी तालुक्यात कड्याच्या परिसरात पूर आला, माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. तशा दिवसांत पुलावरच्या पाण्यातून गाडी घालणारे कमी नसतात. पेटीला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. लांबून पळून आलेली, तापलेली पेटी गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि पेटी मिळेल तिथून आत ओढते. नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी, सील दमलेलं असेल तर चिखल. पूर ओसरतो, गाडी धुऊन चकाचक होते, फोटो पडतात. पेटीतलं ऑइल बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

पसंतीच्या नंबराला लाख मोजायचे. २०२४ पासून चारचाकीच्या ०००१ ला सरकार साध्या जिल्ह्यातही पाच लाख घेतं. आणि पेटीत दोन-तीन लिटर ऑइल घालायला पैसे नाहीत?

पण आता खरा मुद्दा. वरचं काहीही न करणाऱ्या, टायर कंपनीचेच ठेवणाऱ्या, पाण्यात न घालणाऱ्या, सर्व्हिस वेळेवर करणाऱ्या मालकाची नवी गाडी ओरडते, तेव्हा काय होतं?

पहिल्या फेरीत ऑइल बदलतात, जमलं तर थोडं जाड घालतात. आवाज महिनाभर दबतो. दुसऱ्या फेरीत ‘निरीक्षणाखाली ठेवू’ म्हणतात. गाडीचं निरीक्षण म्हणजे तुम्हीच ती चालवत राहायची. तिसऱ्या फेरीत कंपनीचा इंजिनिअर येणार असतो. चौथ्या फेरीत पार्ट मागवलेला असतो. मधल्या काळात किलोमीटर पळतात, महिने पळतात आणि वॉरंटीची तारीखही पळते. मोठं काम निघालं की गाडी संभाजीनगरला नाहीतर पुण्याला. तिथे पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्या फेऱ्यांत एक गोष्ट होत नाही. जॉबकार्डावर ‘मागील डिफरन्शियलमधून आवाज’ हे शब्द उमटत नाहीत.

तिथे ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं असतं. आपण सही करतो.

सही कशावर केली, हे वाचायला चष्मा नव्हता की हिंमत?

हे शब्द का महत्त्वाचे, ते अमेरिकेतल्या एका गाडीवरून कळेल. फोर्डची एक्सप्लोरर, तीन रांगांची मोठी एसयूव्ही. २०२० ते २०२२ च्या मॉडेलांत मागचा अॅक्सल जागेवर धरणारा एक बोल्ट तुटू शकतो, असं निघालं. बोल्ट तुटला तर शाफ्ट सुटू शकतो, गाडीची ओढ जाते आणि पार्कमध्ये उभी केलेली गाडीही गडगडू शकते. एप्रिल २०२२ मध्ये फोर्डने २,५२,९३६ गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय केली? सॉफ्टवेअर बदललं. बोल्ट तुटल्यावर पार्किंग ब्रेक आपोआप लागेल अशी सोय केली.

बोल्ट तसाच.

लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी रस्ता सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे तक्रारी लिहिल्या. २०२३ च्या जूनमध्ये त्या खात्याने फोर्डच्या दुरुस्तीचीच चौकशी लावली. ऑक्टोबरमध्ये फोर्डला त्याच दोषासाठी पुन्हा गाड्या बोलवाव्या लागल्या, २,३८,३६४. या वेळी बुश आणि अॅक्सलचं कव्हर बदलून द्यायचं ठरलं. सॉफ्टवेअरवर भागवू पाहणाऱ्या कंपनीला लोखंड बदलायला लावलं ते मालकांच्या लेखी तक्रारींनी आणि त्या वाचणाऱ्या खात्याने.

टोयोटासारख्या नावाजलेल्या कंपनीलाही २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टुंड्रा पिकअपचे मागच्या अॅक्सलचे नट सैल होतात म्हणून सुमारे ४६ हजार गाड्या परत घ्याव्या लागल्या. चूक कुणाचीही होते. ती मान्य करायला कागद लागतो.

आपल्याकडेही गाड्या परत येतात. डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्राने ६,६१८ स्कॉर्पिओ-एन आणि १२,५६६ एक्सयूव्ही ७०० तपासणीला बोलावल्या. क्लचच्या आवरणातला रबराचा भाग सदोष असण्याची शक्यता होती. १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या गाड्या, असं कंपनीनेच सांगितलं. यात कंपनीची बेअब्रू झाली का? त्यानंतरही बुकिंगच्या रांगा लागल्याच. शिकायचं ते असं की कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सदोष माल बसला, हे कंपनीच्या वहीत असतं. क्लचचं कळतं, तर क्राऊन-पिनियनचं का कळू नये?

आणि कायदा? आहे ना. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, कलम ११०-अ आलं. सदोष गाड्या परत घ्यायला सरकार कंपनीला भाग पाडू शकतं. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतली गाडी हवी, दोष सुरक्षेशी निगडित हवा. कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आता मेख बघा. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या मोटारीसाठी सक्तीची प्रक्रिया सुरू व्हायला किती तक्रारी लागतात? १,२५०.

एक हजार दोनशे पन्नास मालकांनी स्वतः बसून सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवायची. ज्या देशात जॉबकार्डाची प्रत मागितली की माणूस भांडखोर ठरतो, त्या देशात. अमेरिकेतल्या खात्याला चौकशी लावायला अशी संख्येची अट नाही; मोजक्या तक्रारींतही धोका दिसला तर ते उठतं. आपल्याकडे चौथ्या गाडीची चाकं अडकली तरी १,२४६ जणांची वाट बघायची? हा आकडा खाली आला पाहिजे. खासदारांनी संसदेत विचारावा असा हा प्रश्न आहे. खासदार-आमदारांच्या ताफ्यांत याच गाड्या असतात, तेव्हा विषय समजून सांगायचीही गरज नाही.

सरकार या गाडीकडून घ्यायला कमी करत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी. वीस लाखांच्या वरची डिझेल गाडी असेल तर महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी आणखी १५ टक्के वाहन कर. एवढा कर घेणाऱ्याने त्या गाडीची तक्रार ऐकायला १,२५० ची अट घालावी?

पण अटीला शिव्या देताना आरसाही बघायला हवा. आकडा भरत नाही, कारण बीडसारख्या जिल्ह्यात मोठ्या गाडीचा मालक तक्रारच करत नाही. का करत नाही? गाडी खराब निघाली म्हणणं त्याला अब्रू गेल्यासारखं वाटतं. गावभर पेढे वाटलेले असतात. भाऊकीने आधीच नाक मुरडलेलं असतं. ‘दादा, गाडी कशी काय?’ विचारलं की ‘एक नंबर’ हेच उत्तर. आवाज येतो हे ड्रायव्हरला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं, गॅरेजवाल्याला माहीत असतं. चारचौघांत बोलत कुणी नाही. आणि दोन वर्षांनी ‘शोरूम कंडिशन’ म्हणून तीच गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारतात.

फसवला गेलेला गप्प बसतो, तेव्हा पुढच्याला तो स्वतः फसवत असतो.

ज्यांचा शब्द कलेक्टर कचेरीत चालतो, ज्यांच्या एका फोनवर तहसीलदार उठून उभा राहतो, ती माणसं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘बघा जरा’ एवढंच बोलून परत येतात. त्यांचं काम कदाचित ओळखीत होऊनही जातं. पेटी गुपचूप बदलून मिळते. पण गुपचूप बदललेली पेटी कुठल्या मोजणीत येत नाही. त्याच महिन्यात बनलेली दुसरी गाडी केजच्या एखाद्या शिक्षकाकडे असते, त्याला ‘असतोच आवाज’ ऐकावं लागतं.

ओळखीने मिळालेला न्याय एकट्याचा असतो. कागदाने मिळालेला सगळ्या गाड्यांचा होतो.

ग्राहक कायद्याचा रस्ताही मोकळा आहे, आणि तो वाटतो तेवढा महाग नाही. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बेंगळुरूत, बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तिला यावं लागतं. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीला जिल्हा आयोग, त्यावर राज्य आयोग. वीस ते पन्नास लाखांच्या गाडीसाठी तक्रारीची फी एक हजार रुपये. मुदत दोन वर्षांची, तेव्हा ‘निरीक्षणाखाली’ किती दिवस राहायचं याचा हिशेब आपणच ठेवायचा. तक्रार कशी करायची हे विचारायला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मात्र तिथे जाताना भ्रम नको. गाडीत दोष निघाला की अख्खी नवी गाडी मिळते, असं चहाच्या टपरीवर सांगतात. तसं होत नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं बंधन असतं, गाडी बदलून देण्याचं नाही. आणि दोष मुळातला आहे हे दाखवायला जाणकाराचा अहवाल लागतो. आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, ती मागणी आपण करायची. आयोगासमोर आपला कान पुरावा ठरत नाही. तारखा, किलोमीटर, जॉबकार्डं आणि चुंबकावरच्या कपच्यांचा फोटो ठरतो.

तेव्हा फिरून तिथेच. कागद.

काउंटरवर गेलात की तोंडी सांगू नका. कोणत्या वेगाला, अॅक्सिलरेटर दाबल्यावर की सोडल्यावर, मीटरवर किती किलोमीटर असताना आवाज येतो, हे जॉबकार्डावर लिहायला लावा. ‘जनरल चेकअप’ लिहिलं तर खोडायला सांगा. त्यांच्या माणसाला शेजारी बसवून गाडी फिरवा आणि त्याने काय ऐकलं तेही लिहून घ्या. ऑइल काढलं तर आधी कोणतं होतं आणि नंतर कोणतं घातलं, ते विचारा. पेटी उघडली तर नवी जोडी बसवली का, बेअरिंग बदलली का, फट मोजली का, याचा हिशेब बिलावर मागा, बिल शून्य रुपयांचं असलं तरी. जमलं नाही तर त्याच दिवशी ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. मग वाहन पोर्टलवर तक्रार टाका. तिथे तुमची एक जमा होईल. बाकीच्या आष्टीतून, गेवराईतून, लातूरहून, नाशिकहून येतील. याव्या लागतील.

जुनी मोठी गाडी घेणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. व्यवहाराआधी सर्व्हिसचा इतिहास मागा आणि मागच्या पेटीचा बोल्ट खोलून दाखवा म्हणा. विकणारा तयार नसेल तर उठा.

आणि ज्यांच्या गाडीत आज ‘घूंऽऽ’ येतंय त्यांनी हे वाचून झाल्यावर गाणी बंद करून गाडी घाटात घालावी, आवाज नीट ऐकावा आणि सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटर गाठावं. जॉबकार्डाची शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय फाटकाबाहेर येऊ नका.